मूळव्याध : संकोच नको, उपचार हवा
(वार्षिक सभेतील मनोगत)



केसपेपरच्या खिडकीशी मूळव्याधीचे रुग्ण बहुधा ‘पोटाची तक्रार’ एवढेच सांगतात. हा संकोचच दुखणे वाढवितो, असे आम्ही नित्य पाहतो. वास्तविक आरंभीची मूळव्याध बहुतेकदा घरीच आटोक्यात येते. भाकरी, पालेभाज्या, फळे, भरपूर पाणी व इसबगोल यांमुळे मल मऊ राहतो, कुंथावे लागत नाही. वेग अडवू नये; शौचास वर्तमानपत्र घेऊन बसू नये. कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटे बसल्यास ठणका शमतो.

मात्र रक्त पडल्यास ते मूळव्याधीचेच, असे घरी ठरवू नये; आतड्याच्या कर्करोगातही रक्त जाते. अशा वेळी तपासणी करून घ्यावी. खिडकीशी केवळ नाव सांगावे. आजार डॉक्टरांना निःसंकोच सांगावा, ही आमची नम्र विनंती.