स्वागताध्यक्षांचे भाषण



प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना १९८८ साली ज्या पुण्यात झाली, त्या पुण्यात मी आपणा सर्व संशोधकांचे, विद्यार्थ्यांचे आणि उद्योजकांचे स्वागत करतो.

मी संशोधक नाही. भोसरीत माझा कंट्रोल कार्ड बनवण्याचा छोटा कारखाना आहे, तेव्हा बोलणार ते कारखान्यातलेच. २०२१ साली चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा अधिकृत वितरक वर्षभरानंतरच्या तारखा देऊ लागले. इकडे गिऱ्हाईक दारात उभे. मग आमच्यासारखे अनेक जण खुल्या बाजारातून माल उचलू लागले. तो माल तपासताना ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा चिपच्या पाठीवरून फिरवला, तर कधी कधी तो काळा होऊन येतो. वरचा लेप निघतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पॉलिश पेपरचे समांतर ओरखडे दिसतात. जुना पार्ट नंबर घासून त्यावर नवा छापलेला असतो. भंगारातल्या बोर्डावरून तापवून काढलेली, पायांना पुन्हा कथील दिलेली ही चिप. ती चाचणीत पास होते आणि सहा महिन्यांनी एखाद्या रुग्णालयातल्या यंत्रात दगा देते.

हे फक्त लहान कारखान्यांचे दुखणे नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२च्या अहवालात दोनच वर्षांतली बनावट सुट्या भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदवली. संशयित सुटे भाग दहा लाखांहून अधिक होते आणि त्यांतले काही लष्करी विमानांपर्यंत पोहोचले होते.

पण बोळ्याने पकडता येते ती बनावट चिप सोपीच म्हणायची. चिपचा आराखडा एकीकडे, त्यातले तयार ब्लॉक दुसऱ्या कंपनीचे, उत्पादन तिसऱ्या देशात, पॅकेजिंग आणखी कुठे. यातल्या एखाद्या हाताने आत काही पेरले तर? मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली ते खऱ्या चिपवर करून दाखवले. त्यांनी एक इवलासा कपॅसिटर घातला. शेजारच्या तारेची चालू-बंद होते तसतसा तो चार्ज साठवत जातो. भरला की प्रोसेसरमधला एक बिट उलटवतो आणि साध्या प्रोग्रामला मालकाचे अधिकार मिळतात. नेहमीच्या चाचण्यांत त्याचा मागमूसही लागत नाही. हा शोधनिबंध समजून घेतला त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

उपायही तुम्ही संशोधकच शोधता आहात. एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपांत सूक्ष्म फरक राहतोच. त्या फरकातून प्रत्येक चिपची ओळख पटवणारे पफ तंत्र म्हणजे चिपच्या अंगठ्याचा ठसाच. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपले प्रोसेसर आहेत. साणंद आणि जागीरोड इथे पॅकेजिंगचे प्रकल्प हाती घेतले गेले आहेत. पण माल देशी आहे एवढ्यावर तो विश्वासाचा ठरत नाही. तपासणी इथल्या मालाचीही तितकीच कडक हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागणी एकच. क्ष-किरण यंत्र किंवा चिप उघडून पाहणारी प्रयोगशाळा माझ्या आवाक्याबाहेर आहे. माल उतरला त्याच दिवशी, कारखान्यातल्या आयटीआय झालेल्या मुलीला स्वतः करता येईल अशी स्वस्त तपासणी आम्हाला द्या. त्यासाठी लागतील तेवढ्या संशयित चिपा आणि तपासायला आमचे कारखाने, दोन्ही द्यायला भोसरी-चाकणचे उद्योजक तयार आहेत. त्यांतले बरेच जण सभागृहात मागच्या रांगांत बसले आहेत. चहाच्या सुट्टीत त्यांना जरूर गाठा.