लिहिणाऱ्याला एक वाट, वाचणाऱ्याला चार

फौजी माणूस प्रोग्रॅमिंगवर काय बोलणार, असं वाटत असेल. निवृत्तीनंतर मी पायथॉन शिकलो आणि एका जुन्याच वादात अडकलो. एकच काम करायला भाषेनं चार वाटा द्याव्यात की एक?

लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल आणली. ते भाषाशास्त्र शिकलेले. आपण बोलताना एकच गोष्ट दहा तऱ्हांनी सांगतो, मग इथं का नको? म्हणून पर्लमध्ये अट आधी लिहा नाहीतर नंतर, 'इफ' लिहा नाहीतर 'अनलेस'. पायथॉनचा कल उलटा: सरळ दिसणारी वाट शक्यतो एकच.

आमच्याकडे रायफल उघडून साफ करायचा क्रम ठरलेला असतो, सुटे भाग मांडायचाही. एखादा नवा जवान विचारतोच, "साहेब, उलट मांडले तर?" अरे, तुझं काम होईल. पण रात्री तुझ्या जागी दुसरा आला, तर त्याचा हात अंधारात नेमका त्या भागावर पडला पाहिजे.

प्रोग्रॅमचंही तसंच. लिहिणारा नोकरी सोडून जातो, प्रोग्रॅम चालतच राहतो. चार वाटा असतील तर लिहिणाऱ्याला एक आली तरी भागतं. वाचणाऱ्याला चारही याव्या लागतात. म्हणून माझं मत एका वाटेच्या बाजूनं. एकट्यानं, एकदाच वापरायचं काही लिहायचं असेल तर पर्लची मोकळीक खुशाल घ्या.

अर्थात पायथॉनही सोवळं राहिलेलं नाही. वाक्यात किंमत भरायला आधी टक्क्याचं चिन्ह होतं, मग 'फॉरमॅट' आलं, २०१६ मध्ये ३.६ आवृत्तीत 'एफ-स्ट्रिंग'. तिन्ही आजही चालतात. जुनी काढली तर चालू प्रोग्रॅम मोडतील! पायथॉन ३ आलं २००८ मध्ये, आणि पायथॉन २ चा आधार संपायला २०२० उजाडलं.

कुणी म्हणेल, ही तर कवायत झाली, डोकं कुठं चालवायचं? टेकडी घ्यायचा हुकूम येतो, तेव्हा कुठून चढायचं ते तिथला अधिकारीच ठरवतो. पण वायरलेसवर बोलायची पद्धत सगळ्यांची एकच.

सी प्लस प्लसमध्ये तर वाटांचं जंगल आहे. गूगलनं आपल्या लोकांसाठी लेखी नियमच केलेत. एक्सेप्शन वापरू नका, असंही त्यात आहे. तुमच्या चौघांच्या टीमला एक पान पुरे. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी ते त्याच्या हातात द्या.