डबा भगताच्या घरी ठेवा

(वारजे येथे बांधकामावर आलेल्या आपल्या लोकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज वनहक्क दाव्यांचं बोलायचं ठरलं होतं. पण मघाशी पत्र्याच्या शेडमध्ये तिघाचौघांना खोकताना ऐकलं, म्हणून आधी टीबीचं बोलतो. दावे जेवणानंतर.

आमच्या पाड्यावरच्या एका भावाला गेल्या पावसाळ्यात टीबी निघाला. डॉटच्या गोळ्या सुरू झाल्या. भगतानं अडुळशाचा काढाही दिला. दोन महिन्यांत खोकला बसला, भाकर गोड लागू लागली. भगत म्हणाला माझ्या काढ्यानं, नर्सबाई म्हणाल्या आमच्या गोळीनं. दोघांचं भांडण, आणि भाऊ म्हणाला, मी तर बरा झालो! भात झोडून तो इकडं वारज्याला कामावर आला. त्याच्या नावाचा गोळ्यांचा डबा तिकडं दवाखान्यातच राहिला. होळीला थुंकीत रक्त पडलं. आता पुन्हा नव्यानं औषध. 

यात काढ्याचा दोष आहे का? आम्ही नाही म्हणतो. अडुळसा कफ सुटा करतो, छाती मोकळी करतो. अडुळशातल्या वासिसिनवरूनच पुढं ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध निघालं, ते दुकानात मिळतं. पण काढ्यानं टीबी बरा होत नाही. खोकला थांबला तरी जंतू आत असतो. पहिले दोन महिने चार औषधं मिळून बरेचसे जंतू मारतात, उरलेले दडून बसतात. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी आहेत. ते सोडले की तेच उठतात, आणि कधी कधी मग साध्या गोळीला दाद देत नाहीत.

मिरीचंही बोललं पाहिजे. मिरी खाल्ली की गोळी अर्धी पुरते, असं काही जण सांगतात. त्याच्यामागं एक खरी गोष्ट आहे. सुंठ-मिरी-पिंपळी आपल्या म्हाताऱ्या कधीपासून देतात. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेनं मिरीतला तिखट अंश तपासला. रिफाम्पिसिनसोबत तो दिला तर औषध अंगी जास्त लागतं, असं दिसलं. २००९ साली कॅडिला कंपनीनं तशी गोळी काढली, रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅमच्या जागी २००. पण ते तोलून-मापून केलेलं काम. चुलीपुढं चिमटीनं ते जमणार नाही. आपल्या डब्यातली गोळी कुणी अर्धी करू नये.

आपल्या पाल्याला 'जंगली' म्हणून हसतात, आणि कंपनी अशाच औषधातून गोळी काढून विकते. २००६ च्या कायद्यात औषधी वनस्पती गौण वनोपजात धरल्यात. त्यांचं पारंपरिक ज्ञान हाही आपला सामूहिक हक्क लिहिलाय. सामूहिक दावा भरताना ती ओळ कोरी ठेवू नका.

या गोळ्यांनी लघवी लाल होते, ते रक्त नव्हे, भिऊ नये. डोळे पिवळे झाले, उलट्या लागल्या तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. लिव्हर सुजतं कधी कधी. दारूनं जास्त. म्हणून नवी, अनोळखी मुळी या दिवसांत पोटात घालू नका, आणि काय काढा घेता ते डॉक्टरला सांगा. रागावला तरी सांगा. बायांनी ध्यानात ठेवा, रिफाम्पिसिन चालू असताना माला-डीचा भरवसा नाही, दुसरा उपाय विचारून घ्या.

आता आमचं म्हणणं. गोळी कुणासमोर तरी गिळायची, कुणीही चालतो, असा नियम आहे. आशाताई, मास्तर, दुकानदार. मग भगत का नको? डबा त्याच्या घरी ठेवा. एका हातानं त्यानं गोळी द्यावी, दुसऱ्या हातानं काढा. लोक त्याचं ऐकतात, आणि गोळीची जबाबदारी आली की दवाखान्याशी भांडायचं कारणही उरत नाही. पुढच्या महिन्यात गावागावच्या भगतांची बैठक घेतोय, नर्सबाईंनाही बोलावलंय.

ज्यांचा डबा गावाला राहिलाय त्यांनी जेवायला बसायच्या आधी नाव, गाव आणि दवाखाना लिहून द्या. औषध इथल्या महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतं, पण तिकडचा कागद असलेला बरा. तो आणायला उद्या सकाळच्या एसटीनं आमच्यातले दोघं निघतायत.