राहण्यायोग्य शहर कोणते? बंगळुरू आणि पुणे



केंद्रीय गृहनिर्माण व नगर व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये १११ शहरांचा राहणीमान सुलभता निर्देशांक जाहीर केला. त्यात पुणे प्रथम होते, तर बंगळुरू ५८ व्या स्थानी. मार्च २०२१ मध्ये पुढील निर्देशांक आला. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या ४९ शहरांत बंगळुरू ६६.७० गुणांसह पहिले व पुणे ६६.२७ गुणांसह दुसरे ठरले. अडीच वर्षांत कोणतेही शहर इतके बदलत नाही. बदलली होती ती मोजपट्टी. नागरिकांच्या मतसर्वेक्षणाला ३० टक्के भार मिळाला, आर्थिक क्षमतेत बंगळुरूने आघाडी घेतली. गंमत अशी, की त्याच वेळच्या महानगरपालिका कामगिरी निर्देशांकात पुणे पाचवे, तर बंगळुरू एकतिसावे होते. परीक्षार्थींनी क्रमांक पाठ करण्यापूर्वी निकष पाहावेत, ते यासाठीच.

या दोन शहरांचे नाते जुने आहे. १६३८ नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुणे परगणाही त्यांच्याच जहागिरीचा. आज मराठी अभियंता नोकरीसाठी ज्या दोन शहरांची तुलना करतो, ती कधीकाळी एकाच घराण्याच्या कारभारात होती.

बंगळुरूचे गुणदोष एकत्र पाहायचे तर उत्तरेकडील हेब्बाळ पाहावे. तेथील कित्तय्याचा शिलालेख इ. स. ७५० च्या सुमाराचा. म्हणजे वस्ती शहराहून कितीतरी जुनी. विसाव्या शतकाच्या आरंभापासून हे कृषिशिक्षणाचे केंद्र. २००३ मध्ये येथे उड्डाणपूल झाला; परंतु मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला, आसपास माहिती तंत्रज्ञानाची संकुले वाढली आणि तो पूल अपुरा पडला. रोजगार आधी आणि रस्ता, रेल्वे नंतर, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. पुण्यात हिंजवडीची कथा याहून फार वेगळी नाही. मेट्रो बंगळुरूत ऑक्टोबर २०११ मध्ये धावली, पुण्यात मार्च २०२२ मध्ये.

खरा भेद पाण्याचा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणे शहराच्या वरच्या अंगाला. बंगळुरू सुमारे ९२० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे आणि त्याला मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून तीन टप्प्यांत उपसून आणावे लागते. त्याचा वीजखर्च प्रत्येक थेंबात असतो. पूर्वी ही उणीव तलावांच्या साखळीने भरून काढली जाई. ती साखळी तुटत गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या आणि टँकरवर अवलंबून असलेल्या उपनगरांचे हाल झाले. त्याच ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तो मुख्यतः शहरात समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी.

पुण्याने मात्र यावरून निश्चिंत होऊ नये. त्याच धरणांच्या पाण्यावर दौंड, इंदापूरच्या शेतकऱ्यांचा हक्क आहे आणि शहराचे अपुरे शुद्ध केलेले सांडपाणी मुळा-मुठेतून उजनीपर्यंत जाते. हेब्बाळ-नागवार खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी चिक्कबळ्ळापूरच्या कोरड्या तलावांत सोडले जाते. भूजल त्याने वाढते. तथापि केवळ दुय्यम स्तरापर्यंत शुद्ध केलेले पाणी जमिनीत मुरावे काय, असा आक्षेप तेथील शेतकरी घेत आले आहेत.