पालकाची सही कोण करणार?

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, मला इथं सायकलीवर बोलायला बोलावलंय. लांब पल्ल्याची सायकल चालवणारा माणूस आपल्या मोहल्ल्यात अजून थोडा विचित्रच समजला जातो. ‘नोकरी आहे, पगार आहे, मग गाडी का घेत नाहीस?’ असं विचारणारे चाचा प्रत्येक गल्लीत भेटतात. मी सायकलीबद्दल थोडं सांगणार आहे. त्याहून जास्त सांगणार आहे एका बालगृहाबद्दल, जिथं ही सायकल मला घेऊन गेली. आणि शेवटी तुमच्याकडे एक काम मागणार आहे.

आमच्या छंदात ‘ब्रेवे’ नावाचा प्रकार असतो. ती शर्यत नसते, त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे. वाटेत ठरलेल्या ठिकाणी थांबून कार्डावर शिक्का घ्यायचा. शिक्का मिळाला की पुढं निघायचं. त्या गावात कोण राहतं, काय पिकतं, याच्याशी तुमचा संबंध नसतो.

प्रवास म्हणून सायकल चालवली की उलटं होतं. तिथं तुम्ही पूर्णपणे अनोळखी माणसांच्या भरवशावर असता. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. त्यांतले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२८मध्ये फेरी पूर्ण करून परत आले. तेव्हा ना मोबाइल होता, ना नकाशा दाखवणारं ॲप. कुणीतरी दार उघडलं, पाणी दिलं, झोपायला जागा दिली, म्हणूनच असे प्रवास होतात. आजही तेच आहे. पेट्रोल पंपावर नीट विचारलं तर पाणी मिळतं, फोन चार्ज होतो. मशिदीच्या ओट्यावर, देवळाच्या सभामंडपात, दर्ग्याच्या आवारात मी निवांत झोपलोय.

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाताना मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका बालगृहात थांबलो. ओळखीच्या एका शिक्षिकेनं सुचवलं होतं, अधीक्षकांची परवानगी आधीच घेतली होती. गावाचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही. मुलांची नावं तर नाहीच नाही. तिथं मी एकही फोटो काढला नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वाढदिवसाचा केक बालगृहात कापून त्याची रील टाकणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

मुलांनी सायकलीला गराडा घातला. किती गिअर, किती किंमत, ट्रक आला तर काय करता, कुत्री मागं लागतात का? मागचं चाक बसलेलंच होतं, म्हणून मी पंक्चर काढून दाखवायला घेतलं. बादलीत ट्यूब बुडवली, बुडबुडे आले, सगळे ओरडले. मी पॅच लावला आणि ट्यूब आत बसवणार, तेवढ्यात एक मोठा मुलगा म्हणाला, “सर, थांबा. आधी टायरमधून हात फिरवून बघू, काटा आतच असेल.” त्यानं बोट फिरवून बाभळीचा काटा काढला. सुट्टीत तो गावातल्या गॅरेजवर बसायचा. काटा तसाच ठेवून कितीही पॅच लावले तरी पाच किलोमीटरवर चाक पुन्हा बसतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

जेवणानंतर तोच मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. त्याचे प्रश्न इतरांसारखे नव्हते. “रात्री झोपता कुठं? जागेचे पैसे घेतात का? आंघोळीचं काय करता? दिवसाला जेवणाला किती लागतात? ओळखपत्र मागतात का?” मला वाटलं, याला सायकलवर फिरायचंय. तसं विचारलं, तर म्हणाला, “नाही सर. फेब्रुवारीत मला अठरा पूर्ण होतात. इथून निघावं लागेल.”

मी हौसेनं रस्त्यावर झोपत होतो. तो त्याचीच माहिती पुढच्या आयुष्याची तयारी म्हणून गोळा करत होता.

त्या रात्री अधीक्षकांशी बराच वेळ बोललो. त्यांनी सांगितलं, रमजानमध्ये एकाच संध्याकाळी तीन ठिकाणांहून जेवण येतं. दिवाळीत फराळाचे डबे ठेवायला जागा नसते. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात मात्र गणित शिकवायला कुणी येत नाही. पाहुण्यांच्या वहीत नावं भरपूर आहेत, पण तेच नाव दुसऱ्यांदा क्वचित दिसतं. मला आमचं ब्रेवेचं कार्ड आठवलं. शिक्का घेतला, निघालो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. तिथल्या बऱ्याच मुलांची आई हयात आहे. नवरा वारला किंवा सोडून गेला, हाताला काम नाही, म्हणून तिनं मूल इथं ठेवलंय. इथं आपला एक शब्द नीट समजून घेऊ. ‘यतीम’ म्हणजे दोन्ही पालक गेलेलं मूल, असं आपण सहज धरून चालतो. फिक्हमध्ये यतीम म्हणजे वयात येण्याआधी ज्याचे वडील वारले ते मूल, मग त्याची आई जिवंत असो वा नसो. म्हणजे यतीमची काळजी या शब्दात त्या एकट्या आईची काळजी आधीपासूनच आहे. आपण मात्र यतीमखान्याला देग पाठवतो आणि शेजारच्या विधवा खालाला विचारत नाही की पोराच्या शाळेचं काय.

महाराष्ट्रात यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. मूल आईकडे किंवा नातेवाइकांकडे राहावं, संस्थेत जाऊ नये, म्हणून दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपये आहेत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि बालकल्याण समितीकडे जातो. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, शाळेचं बोनाफाइड, बँक पासबुक ही कागदपत्रं जमवताना चार हेलपाटे होतात आणि त्या बाईची चार दिवसांची मजुरी बुडते. तुमच्यातल्या कुणाला ऑनलाइन फॉर्म भरता येतो? हात वर करा. बघा, सगळ्यांना येतो.

आता अठरा वर्षांचा प्रश्न. २०१५च्या बाल न्याय कायद्यात कलम ४६ आहे. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात उभं राहायला आर्थिक मदत देता येते. तिला अनुरक्षण म्हणतात. नियमांप्रमाणे ही सोय २१ वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून २३ वर्षांपर्यंत मिळू शकते. महाराष्ट्रात २०१८पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षणही आहे, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. कायदा आहे, योजना आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगणारा आणि त्याच्यासोबत कचेरीत जाऊन बसणारा माणूस कुठून आणायचा?

मी पोस्टात नोकरी करतो. फॉर्म हा माझा रोजचा विषय. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो, ज्याकडे तुम्ही-मी बघतही नाही. पालकाची सही. नातेवाइकाचं नाव आणि फोन. वारसाचं नाव. ओळख देणारी व्यक्ती. हा मुलगा प्रत्येक फॉर्मवर तिथंच अडत होता. आधारवर पत्ता बालगृहाचा, तो अठराव्या वर्षी उपयोगाचा राहत नाही. नवा पत्ता हवा तर खोली हवी. खोली हवी तर मालक म्हणतो, कुणीतरी ओळखीचा माणूस घेऊन ये. भाडेकरूच्या पोलीस पडताळणीतही ओळखणाऱ्या माणसांची नावं मागतात.

आम्ही चार मित्रांनी बालगृहाच्या आणि समितीच्या परवानगीनं हे काम वाटून घेतलं. एकानं प्रमाणपत्राचा अर्ज केला, एकानं आयटीआयची प्रवेशप्रक्रिया समजून घेतली, मी खातं आणि कागद बघितले. तो बाहेर पडला तेव्हा खोलीच्या करारावर साक्षीदार म्हणून मी सही केली. घरमालकानं विचारलं, “तुमचा कोण लागतो?” मी म्हणालो, “ओळखतो मी याला.” तेवढ्यावर खोली मिळाली. आता तो सकाळी आयटीआयला जातो, संध्याकाळी गॅरेजवर काम करतो. अनुरक्षणाचा अर्ज अजून मंजूर व्हायचाय. भाडं कधी कधी थकतं. सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. पण अडलं की त्याला फोन करायला एक नंबर आहे.

आपल्यात लगेच चर्चा सुरू होते की इस्लाममध्ये दत्तक चालतं का. मुलाचा वंश बदलू नये, त्याला स्वतःच्या बापाचं नाव राहावं, पण त्याचा पूर्ण सांभाळ करावा, या सांभाळाला कफाला म्हणतात. दुसरीकडे, शबनम हाश्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१४मध्ये स्पष्ट केलं की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येतं. ज्याला व्यक्तिगत कायद्यानं चालायचं त्याच्यावर सक्ती नाही. म्हणजे दोन्ही दारं उघडी आहेत. वाद घालून दोन्ही दारांबाहेर उभं राहणं तेवढं थांबवू या.

पैगंबर मुहम्मद (स.) यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच वारले, सहाव्या वर्षी आई गेली. आजोबांनंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना सांभाळलं. अठरा वर्षं झाली म्हणून त्यांनी हात काढून घेतला नाही. पैगंबर पन्नाशीला आले तरी, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, अबू तालिब त्यांच्या पाठीशी उभे होते. मक्केत ज्याला पाठीशी कुणी नाही त्याचं काय होतं, हे ते जाणून होते. आपल्या शहरांतही फार वेगळं नाही.

तर माझं काम असं आहे. आपापल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जा आणि विचारा, येत्या वर्षात किती मुलंमुली अठरा पूर्ण करतायत. मुलाचा धर्म विचारू नका. चौघाचौघांचा गट करा आणि एका मुलाची किंवा मुलीची जबाबदारी रीतसर परवानगीनं घ्या. दर पंधरा दिवसांनी एक तास आणि लागेल तेव्हा एक सही, एवढंच. मुलींसाठी मुलींचा गट असू द्या. जे निभणार नाही ते वचन देऊ नका, कारण या मुलांनी निघून जाणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. आणि कुठं मूल संकटात दिसलं तर १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तो आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.

सायकल कुणाला शिकायची असेल तर जेवणानंतर बाहेर भेटा. कागदांचं काम शिकायचं असेल तर जेवणाआधीच भेटा, त्याला वेळ जास्त लागतो.