स्थलांतरितांच्या मुलांचा हक्क



पालघर जिल्ह्यात स्थलांतराचे दोन प्रवाह आहेत. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे उचल घेऊन वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दुसरीकडे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील कामगार बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत येऊन चाळींतील एकेका खोलीत संसार मांडतात. दोन्हीकडे मुले आहेत; मालकाच्या हिशेबात मात्र ती नाहीत.

अर्थशास्त्राच्या भाषेत, श्रमशक्तीच्या पुनरुत्पादनाचा खर्च कोणी सोसायचा, हा येथील मूळ प्रश्न आहे. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते. आई तान्ह्या मुलाला पाजायला उठली, तर तेवढ्या विटा कमी पडतात. मुलाचे दूध, औषध, सांभाळ यांपैकी काहीही विटेच्या किमतीत धरलेले नसते. ती किंमत मुलाच्या शरीरातून वसूल होते.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासूनच चालू होती. पुढे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंगणवाडीतील मोफत आहाराचा हक्क दिला. परंतु मूल भट्टीवर गेले, तरी त्याच्या वजनाची वही गावातच राहते. गोवराची लस नवव्या महिन्यात द्यावयाची असते. नेमक्या त्याच वेळी मूल परमुलखात असेल, तर त्याचा शोध कोणी घ्यायचा? शासनाने स्थलांतरितांची संगणकीय नोंद सुरू केली, हे योग्यच झाले. पण त्या नोंदीच्या पाठोपाठ आहार आणि लसही पोहोचली पाहिजे.

या कामाचा वस्तुपाठ आपल्याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम आरंभिले व पुढे ते कोसबाडला नेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी पाड्यावरील अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. भट्टीच्या परवान्यासोबत तेथील मुलांची नोंद आणि पाळणाघर सक्तीचे करा. बोईसरच्या चाळींतील मुलाला अंगणवाडीत घेताना गावचा दाखला मागू नका. या दोन्हींचा खर्च भट्टीमालकांकडून आणि कारखानदारांकडून घ्या. आणि ज्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याने जव्हार-मोखाड्यात उन्हाळाभर काम आणि वेळेवर मजुरी द्यावी. गावात पोट भरले, तर लेकरांना घेऊन भट्टी गाठण्याची पाळी कोणावर येणार नाही.