मान हलली, पण कळलं का?

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी येतात. पण घरची मंडळी समोर असली की बाळंतीण नुसती मान हलवते. अंगावरून जास्त जातंय, हे बोलत नाही. म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत आशाताईंना सांगतो: दारातून विचारू नका, तिच्याशेजारी खाली बसा. वहीऐवजी चेहरा बघा. खाली गेलेली नजर, बाळ पाजताना आवळलेले ओठ, हेही उत्तरच असतं. ‘कळलं का?’ म्हणण्यापेक्षा करून दाखवायला सांगा. आणि सासूबाईंनो, तेवढ्यात तुम्ही चहा टाकायला आत जा. ती बोलेल. तासाभरात कापड भिजत असेल, तर वाट बघू नका, 108ला फोन करा.